लाल तार

ती घटना आठवली की टेबलावरच्या दिव्याला हात लावताना मी आजही थबकतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. बहारीनच्या पोलीस दलात मी तपासाचं काम पाहत होतो. एका संध्याकाळी हूरा वस्तीतल्या किराणा दुकानदाराचा ठाण्यात फोन आला. वरच्या फ्लॅटमधला जर्मन इंजिनिअर मरून पडला होता. दुकानदाराने आणखी एक गोष्ट सांगितली. "सुबह इलेक्ट्रिशियन आया था. साहब से झगड़ा हुआ था."

मृत तरुण होता. नुकताच आंघोळ करून आलेला, अनवाणी. तळहातावर भाजल्याची खूण. शेजारी टेबलावरचा जुना दिवा आडवा पडलेला: काळी लोखंडी टोपी, वाकणारी मान, जड बूड. पंचनामा करून आम्ही तो जप्त केला.

विजेच्या तज्ज्ञाने दिव्याचं बूड उघडलं. "प्लग बरोबर जोडलाय," तो म्हणाला. "पण आतली लाल तार थेट दिव्याच्या पत्र्याला आवळली आहे. लाल म्हणजे फेज. दिवा पेटणार नाही, पण हात लावेल त्याला धक्का बसेल."

मी हादरलो. हा अपघात नव्हे, कोणीतरी सापळा लावला होता.

इलेक्ट्रिशियन मालवणकडचा, गुदैबिया वस्तीत चौघांबरोबर राहणारा. ताब्यात घेतला तेव्हा तो जेवत होता. हात धुवायचंही त्याला सुचलं नाही.

"भांडण कशावरून झालं?" मी विचारलं.

"त्यांचो जुनो प्लग मी कापून टाकलंय म्हणान. तो हयच्या सॉकेटात बसा नाय. तर म्हणाले, तो माझ्या बापाशीन लावललो."

"आणि आतली तार?"

"मी दिवो उघडूकच नाय, सायबानू. नवो प्लग लावलंय. दिवो पेटलो नाय. माका वाटला, बल्ब गेलो. उद्या नवो हाडतंय म्हणान सांगलंय नि बटण बंद करून गेलंय."

कितीही फिरवून विचारलं तरी जबाब बदलेना. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्यांदा सांगताना काहीतरी सुधारून सांगतो. हा तेच तेच सांगत होता. पण बूड तर कोणीतरी उघडलंच होतं, अशी आमची खात्री.

मृतदेह न्यायला त्या तरुणाचे वडील जर्मनीहून आले. ताठ, पांढऱ्या केसांचे. दिवा ओळखायचा म्हणून मी तो उघड्या बुडासकट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, वाकून आत पाहिलं आणि हळूच खुर्चीत बसले.

"ही तार मी जोडली आहे," ते इंग्रजीत म्हणाले.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, धक्क्याने त्यांना भान राहिलेलं नाही.

मग ते सावकाश बोलले. त्यांचा दिव्यांचा छोटा कारखाना होता. हा दिवा त्यांनी स्वतः, मुलगा लहान असताना, त्याच्या अभ्यासासाठी केला होता. "तेव्हा आमच्याकडे लाल तार अर्थिंगची असे. कोणाला धक्का बसू नये म्हणून ती पत्र्याला जोडायची. पुढे नियम बदलला."

इथे लाल तार फेजला लावतात, तशीच इलेक्ट्रिशियनने ती नव्या प्लगात लावली होती. संध्याकाळी मुलाने बटण पुन्हा चालू केलं आणि दिवा पेटेना म्हणून बल्ब बदलायला टोपीला हात घातला होता.

इलेक्ट्रिशियनला सोडून दिलं. जाण्यापूर्वी म्हाताऱ्याने त्याला भेटायची परवानगी मागितली. दोघे समोरासमोर आले.

"तुझ्या देशात लाल तार कशाला लावतात?" म्हाताऱ्याने विचारलं. मी प्रश्न मराठीत सांगितला.

"फेजाक. पयल्यापासून तेंच शिकलंय."

मी उत्तर इंग्रजीत सांगितल्यावर म्हाताऱ्याने मान हलवली आणि त्याचा हात हातात घेतला. बराच वेळ सोडला नाही.

अहवालात मी 'अपघाती मृत्यू' लिहिलं. त्या तपासात एकही माणूस खोटं बोलला नव्हता. प्रत्येकाने आपलं काम शिकवल्याप्रमाणे नीट केलं होतं, तरी एक तरुण गेला. त्यानंतर कोणताही मृत्यू समोर आला की कोणी मारलं हा प्रश्न मी बाजूला ठेवत असे. आधी विचारी, हे घडलं कसं?

विमानतळावर निरोप देताना मी सांत्वनाचं काहीबाही बोललो. म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं. ते म्हणाले, "असे दिवे मी पुष्कळ केले. कुठकुठल्या देशांत गेले असतील, कोणाच्या टेबलावर असतील, मला ठाऊक नाही."