आईच्या तळव्यावरचा ठिपका
दिवाळीत खोबरेल तेल कोमट करायला ठेवलं, की त्या वासाबरोबर मला शहापूरचा तो दवाखाना आठवतो. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. आईच्या पायाच्या तळव्यावर काळा ठिपका उठला होता आणि कुणीतरी कॅन्सरचं नाव काढल्यापासून घरात कोणी धड जेवत नव्हतं. पाय कापतील या भीतीने ती यायलाच तयार नव्हती. डॉक्टरीणबाईंनी सुई-सुरी काहीच काढलं नाही. ठिपक्यावर तेलाचा थेंब सोडला आणि दिवा बसवलेलं भिंग टेकवलं. "पाय हलतोय, जरा धरा," त्या बाबांना म्हणाल्या. आईने पाय झटकन ओढून घेतला. "तुमी नका हात लावू पायाला, मला पाप लागंल." बाबा खाली बसले आणि त्यांनी तिचा पाय दोन्ही हातांत घट्ट धरला. बाईंनी बराच वेळ पाहिलं, मग बाबांनाही दाखवलं. "रंग कातडीच्या चरांत आहे, उंचवट्यांवर नाही. घाबरू नका, पण वर्षातून एकदा बघत जा. बदलला तर लगेच या." बाबा भिंगावरून डोळा न काढता म्हणाले, "म्हंजे पाणी खाचरात हाय, बांध कोरडा." तेव्हापासून दर दिवाळीला बाबा चष्मा लावून, तेलाचा थेंब टाकून तो ठिपका बघायचे. आधी देवाची माफी मागणारी आई पुढे पुढे आपणच पाय पसरून बसायला लागली. ठिपका होता तसाच राहिला. यंदा बाबा नाहीत. तेलाची वाटी घेऊन मी पुढ्यात बसले, तर आईने पाय लुगड्यात ओढून घेतला. "राहू दे गो," म्हणाली.