घड्याळ बिघडलेल्या माश्या

प्रयोगशाळेतल्या शिपायाला कुणी कामाचं विचारलं की तो म्हणे, "लोक माश्या मारतात, मी सांभाळतो." यावर फक्त त्याची बायको हसायची.

फळमाश्यांचं खाणं शिजवून तो काचेच्या नळ्यांत भरी आणि नळ्या काळ्या कपाटात ठेवी. आत दहा-दहा दिवस उजेडाचा कण नाही, तरी माश्या ठरल्या वेळी झोपत, ठरल्या वेळी उठत. "घड्याळ मेंदूतच असतं त्यांच्या," संशोधक बाई म्हणाल्या.

अंथरुणाला खिळलेल्या बायकोची कूस बदलायला तो चार वर्षं पहाटे पावणेपाचला उठला. ती गेली तेव्हा सगळे म्हणाले, "सुटली बिचारी." त्याला सात महिने झाले. गजर बंद आहे. तरी पावणेपाचला डोळे उघडतात आणि हात शेजारच्या सपाट गादीवर जातो.

शेवटच्या नळीतल्या माश्या मात्र केव्हाही झोपत, केव्हाही उठत.

"यांचं घड्याळ जन्मापासूनच बिघडलंय," बाई म्हणाल्या. "बिचाऱ्या."

त्याने ती स्वच्छ नळी पुन्हा एकदा पुसली.

"बिचाऱ्या कशाच्या, बाई. सुटल्या म्हणा."