आईने फोनवरून पाजलेलं दूध

मी नेदरलँड्सला निघाले त्या दिवशी आमची चांदी गाय व्यायला झाली होती, म्हणून आई मला सोडायला विमानतळावर आली नाही.

देवळाली प्रवरापासून थोडं पुढे, कालव्याच्या कडेला आमची वस्ती आहे. अंगणात जीप उभी होती. आण्णा, म्हणजे माझे वडील, पेंडीची पोती मोजायच्या काट्यावर माझी बॅग ठेवून पुन्हा पुन्हा वजन बघत होते. आई गोठा आणि घर यांच्यात येरझाऱ्या घालत होती आणि दर खेपेला तिच्या हातात काहीतरी असायचं. कधी शेंगदाण्यांची पिशवी, कधी डाळं, कधी मेतकुटाची बरणी. आण्णा ते बॅगेतून बाहेर काढायचे, ते वळले की ही परत आत घालायची. शेवटी ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा ती गोठ्याच्या दारातूनच म्हणाली, "जा मने, सावकाश जा. हिला सोडून मला न्हाई येता यायचं." एवढं बोलून ती आत वळलीसुद्धा.

माझ्याबरोबर संगमनेरला इंजिनिअरिंग केलेल्या दोघी-तिघी आधीच परदेशी गेल्या होत्या. त्यांच्या आया विमानतळावर गळ्यात पडून रडतानाचे फोटो मी पाहिले होते. माझ्या मोबाईलमध्ये आईचा शेवटचा फोटो होता तो पाठमोरा, पदर खोचलेला, गोठ्यात शिरतानाचा. राहुरी मागे पडेपर्यंत मी आण्णांकडे पाठ करून जीपच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले.

आइंडहोवन शहर मला आवडलं. यंत्रांचे सुटे भाग डिझाइन करायचं काम होतं आणि तेही आवडलं. तिसऱ्या मजल्यावरचा लहानसा फ्लॅट, खिडकीतून दिसणारा कालवा (आमच्या कालव्यापेक्षा शांत आणि उगाचच सरळ), सायकलवरून ऑफिस. रविवारी घरी फोन. आई विचारायची, "जेवलीस का? काय जेवलीस?" मी म्हणायचे, सॅलड. ती म्हणायची, "आनि मग जेवलीस काय?" मग गायींची खबरबात, डेअरीत दुधाला लागलेलं फॅट, कुणाच्या घरचं लग्न. माझं लक्ष निम्मं लॅपटॉपमध्ये असायचं. माणसं दूर गेली की बोलणं कमी होतं असं नाही, बोलण्याला रुळलेली वाट पडते आणि दोन्हीकडची त्याच वाटेने जाऊन परत येतात. आमचं तसं झालं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी पुलाच्या उतारावर बर्फाचा काचेसारखा पातळ थर होता. सायकल घसरली आणि मी लोखंडी कठड्यावर हनुवटीवर आपटले. जबडा दोन्ही बाजूंनी मोडला. एका अनोळखी माणसाने स्वतःचा कोट माझ्या डोक्याखाली ठेवून रुग्णवाहिका बोलावली. त्याचं नाव मला आजही माहीत नाही. हॉस्पिटलमध्ये सगळं नीट झालं. शुद्धीवर आले तेव्हा वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना घट्ट बांधलेले होते. दीड महिना तोंड उघडायचं नाही. जे काही पोटात जायचं ते दातांच्या फटीतून, पातळ होऊनच. नर्सने एक छोटी पक्कड दिली आणि ती कायम जवळ ठेवायला सांगितली, कारण उलटी झाली तर तारा कापाव्या लागल्या असत्या.

त्या पकडीने मला घाबरवून सोडलं. हॉस्पिटलने प्रोटीनच्या बाटल्या दिल्या होत्या, व्हॅनिलाच्या वासाच्या. वास आला की पोटात ढवळायचं, ढवळलं की पक्कड आठवायची आणि मी बाटली खाली ठेवायचे. दहाएक दिवसांत जीन्स कमरेवर राहीना. आहारतज्ज्ञ बाई स्वभावाने मऊ होती, पण तिने स्पष्ट सांगितलं, "हाड जुळायला प्रथिनं लागतात. तुझं वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल."

घरी मी फक्त 'लहानसं लागलंय' असा मेसेज केला होता. शेवटी व्हिडिओ कॉल लावावाच लागला. मला दातांतून पुटपुटता यायचं, पण फोनवर त्यातलं कुणालाच काही कळत नसे. आण्णांनी माझा सुजलेला चेहरा पाहिला आणि ते मोबाईल आईच्या हातात देऊन उठून गेले. मागून त्यांचा आवाज आला, "तिला म्हनाव परत ये. नोकरी गेली खड्ड्यात." खरं सांगते, परतीच्या तिकिटाचं पान मी त्याच्या आदल्याच दिवशी लॅपटॉपवर उघडून बसले होते.

आई रडली नाही. तिने मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "व्हट वर कर बरं. आजून. तार मागपर्यंत हाय का?"

मी मान हलवली.

"ह्या तारंतून पानी जातं?"

परत मान हलवली.

"मग दूध बी जाईल. उद्या सकाळी मला फोन लाव. सयपाकघरात उभी राहून लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी ओट्यापाशी उभी राहिले. तिकडे तोवर ऊन चांगलं वर आलेलं असायचं आणि आईचं धारा काढून, डेअरीला दूध घालून झालेलं असायचं. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. आईने आधी घरात काय काय आहे ते दाखवायला लावलं. पिकलेली केळी होती, दूध होतं, गोठवलेल्या स्ट्रॉबेऱ्या होत्या, तुर्की दुकानातले फुटाणे होते. "आगं, मग तुला काय कमी हाय?" ती म्हणाली. फुटाण्यांची साल काढून त्यांचं पीठ केलं, केळं, दूध आणि स्ट्रॉबेरी घालून मिक्सर फिरवला. दिसायला सुरेख गुलाबी झालं. पण स्ट्रॉबेरीच्या बिया आणि पिठाची कणी तारांत अशी अडकली की ब्रश घेऊन आरशासमोर किती वेळ गेला ते विचारू नका. मी रडकुंडीला आले.

"स्ट्रॉबेरी सोड," आई शांतपणे म्हणाली. "पीठ वस्त्रगाळ कर. सुती ओढनी हाय ना? तिच्यातून गाळ. आनि सगळा गिलास एकदम नगं. आशक्त वासराला पाजतो का आपन भडाभडा? थोडं थोडं, पन घडीघडीला."

तिसऱ्या की चौथ्या सकाळी मिक्सर चालू असतानाच दार वाजलं. खालच्या मजल्यावरच्या विल्माबाई होत्या. सत्तरीच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. जिन्यात भेटलो तर हवेवर दोन वाक्यं, एवढीच आमची ओळख होती. नाइटगाउनवर स्वेटर चढवून त्या उभ्या होत्या. "पहाटे सहाला घरात काय कारखाना काढलायस?" डच माणूस मनात काही ठेवत नाही. मी उत्तरादाखल ओठ वर केले. त्यांनी तारा पाहिल्या, ओट्यावरची ओढणी पाहिली, मोबाईलमधून "कोन आलंय गं?" असं विचारणारी आई पाहिली, आणि जिना उतरून गेल्या.

पाच मिनिटांत परत आल्या त्या क्वार्कचा मोठा डबा घेऊन. "ह्यात सगळ्यात जास्त प्रोटीन असतं. आणि माझ्याकडे कमी आवाजाचा मिक्सर आहे, तो आणते."

मी डबा आईला दाखवला.

"काय हाय ते? चमचा भर. आता उलटा कर."

मी चमचा उलटा केला. क्वार्क खाली पडलं नाही.

"आगं, ह्यो तर चक्का हाय!" आई एवढ्याने ओरडली की विल्माबाई दचकल्या. "श्रीखंडाचा चक्का! मने, त्यांच्याकडं चक्का मिळतो आनि तू उपाशी ऱ्हातीस?"

तिथून गाडी रुळावर आली. दोन डाव चक्का, एक केळं, वाटीभर दूध, भाजून सोललेल्या शेंगदाण्यांचं दुधात भिजवून वाटलेलं गाळीव वाटण, चिमूटभर वेलदोडा. फळ बदलायचं, कधी आंब्याचा गर, कधी उकडलेलं सफरचंद. आहारतज्ज्ञ बाईला मी हे सगळं लिहून दाखवलं. तिने बसून हिशोब केला, खूश झाली आणि म्हणाली, "उत्तम आहे. फक्त दुधाची पावडर वाढव, आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं पी." वासराची गोष्ट मी तिला सांगू शकले नाही, हसताना तारा ओढल्या जायच्या.

पण माझ्यासाठी त्या दिवसांतली मोठी गोष्ट वेगळीच होती. मी बोलू शकत नव्हते, त्यामुळे आई बोलायची. मी ग्लास घेऊन बसायचे, घोट घोट प्यायचे, आणि तो संपेपर्यंत ती फोन ठेवायची नाही. गायींचं आणि फॅटचं संपलं की पुढे काहीतरी बोलावंच लागायचं. तशी ती एकदा त्या दिवसावर आली.

"तू गेलीस ना, त्या दिशी मी साडी काढून ठेवली हुती. मोरपंखी. वाटलं हुतं चांदी रातीलाच व्यायल, सकाळी मोकळी हुईन. तर सकाळच्याला बघते, वासराचे मागचे पाय पुढं. आण्णा तुझ्यासंगं गेल्याले. डाक्टर संगमनेराकडं कुठं आडकल्याला. मी एकलीनंच वडलं त्याला, हात सोलपाटून निघाले. लई येळ पडून हुतं, वाटलं गेलं. तोंड पुसलं, नाकात काडी घातली, आंग चोळलं. तुझं इमान वर गेलं आसंल त्याच टायमाला उठून हुबं राह्यलं. कालवड हुती. मी म्हनलं, चला, दोघी लागल्या आपापल्या पायावर."

एवढं सांगून ती म्हणाली, "पी. थांबलीस का?"

तारा बांधलेल्या तोंडाने रडणं हे फार अवघड काम आहे. नाक चोंदलं की श्वासच कोंडतो. मी मान वर करून छताकडे बघत राहिले आणि ग्लास संपवला. तिकिटाचं पान मी त्या दिवशी बंद केलं. रागावून नाही, हट्टाने नाही. माझं इथं निभेल असं पहिल्यांदाच वाटलं, आणि ते तिच्यामुळे वाटलं.

वजन हळूहळू परत आलं. तारा निघाल्या त्या दिवशी तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. हॉस्पिटलच्या बाकावरूनच फोन लावला. "आई," मी म्हणाले. दीड महिन्यानंतरचा पहिला सरळ शब्द. पलीकडे तिने मोबाईल पुन्हा डोळ्यांजवळ धरला. मग मी म्हणाले, "आई, केळ्याचा लई कंटाळा आलाय गं." तेव्हा तिने तोंडावर पदर घेतला. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही, आण्णा मागून विचारत होते, "काय म्हनली? काय म्हनली ती?"

यंदाच्या उन्हाळ्यात आई आली. गोठा सांभाळायला आण्णा मागे राहिले आणि तिने आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला. पहिल्याच सकाळी विल्माबाई क्वार्कचा डबा घेऊन वर आल्या. आईने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले, बराच वेळ धरून ठेवले, आणि त्यांचं नाव कायमचं 'विमल' करून टाकलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हिच्या मनगटात काय न्हाई गं. ही बाई जेवत न्हाई."

हे भाषांतर करायला मी कचरले, पण दोघी माझ्या तोंडाकडे बघत थांबल्या होत्या. सांगितलं. विल्माबाईंनी मनगटावर बाही ओढून घेतली. म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून एकटीसाठी काय मांडायचं असं वाटतं. पावाचा तुकडा खाते, चालून जातं." ज्या बाईने माझ्यासाठी पहाटे जिना चढून डबा आणला होता, तिच्या ताटात काय असतं हे मी कधी विचारलं नव्हतं. आईला ते विचारावंही लागलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोन ग्लास वाढले. आईला इथली पेअरची फळं भारी आवडली. पेअर, भिजवलेले बदाम, चक्का, वेलदोडा. मी खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये असायचे आणि स्वयंपाकघरातून दोन आवाज यायचे. एक डच, एक आमच्या वस्तीचा. कुणी कुणासाठी थांबत नसे, आणि काही अडतही नसे. विल्माबाईंना गाळलेलं आवडत नाही, गर हवा असतो. यावरून दोघींची रोज हुज्जत व्हायची आणि रोज विल्माबाई जिंकायच्या.

एका सकाळी आण्णांचा फोन आला. मी कॅमेरा बंद करून कान तिकडे दिला. आई एका हाताने मिक्सरचं झाकण दाबून स्पीकरवर बोलत होती.

"कुठं हायेस? लई आवाज येतोय," आण्णांनी विचारलं.

"घरी हाय की," आई म्हणाली.

"घरी? आगं, कुठल्या घरी?"

आईला तो प्रश्नच समजला नाही. "आवो, घरी म्हंजी घरी. पोरगी कामाला बसलीय, विमल आलीय, दूध चाललंय."

तुम्ही जे तिथेच राहिलात आणि तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, दोघांनाही हे लिहिते आहे. घर मागे ठेवून आलो असं मी किती वर्षं म्हणत होते. त्या सकाळी कळलं, आईने ते तिकडचं न सोडता इकडेही मांडून टाकलं होतं. मी मीटिंगमधून दोन मिनिटं मागून घेतली आणि माझा ग्लास घ्यायला स्वयंपाकघरात गेले.