फिनलंडचा बाप

लेकीच्या प्रकल्पात मला एकच काम होतं: दहा मिनिटं गप्प बसणे.

सहावीच्या मुलांनी इंटरनेटवर एकेक देश धुंडाळायचा आणि तिथलं घर शाळेच्या हॉलमध्ये उभं करायचं. उत्तम घराला वीसपैकी वीस! आमच्या तन्वीला फिनलंड आला. आठवडाभर माझा मोबाइल तिच्या ताब्यात होता. शेवटी तिनं निकाल सांगितला.

"पप्पा, तिकडची माणसं कामाशिवाय बोलत न्हाईत. तुम्ही बाप व्हायचं."

"मग मी बोलायचं काय?"

"काय न्हाई!"

"लग्नाआधी हा देश कुठं हुता?" बायको स्वयंपाकघरातनं म्हणाली. (मी उत्तर दिलं. तन्वीनं तालीम पहिल्यापासून सुरू केली.)

चार दिवस सराव झाला. मी इतका गप्प झालो की शेजारचे काका विचारून गेले, "बीपी वाढलंय व्हय?"

प्रदर्शनाच्या दिवशी मी कॉफी घेऊन खुर्चीत बसलो. तपासायला बाहेरगावचे एक सर आले. मी नुसती मान हलवली. तन्वीचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं. चार मिनिटं गेली. वीस मार्क पदरात पडल्यातच जमा होते!

तेवढ्यात सर शेजारी उभ्या असलेल्या वर्गाच्या बाईंना सहज म्हणाले, "काल इथं कोल्हापुरात मिसळ खाल्ली. नुसतं तिखटजाळ पाणी हो! मिसळ खावी तर पुण्याची."

मी कॉफी खाली ठेवली.

"ओ पावणं! कुठं खाल्लीसा? रश्श्याचा कट वरनं मागून घेतलासा का? आन् पाव मागितला आसंल! ब्रेड घ्यायचा असतोय! चला, गाडी काढतो!"

आवाज ब्राझीलपर्यंत गेला. तिथला बाप (आमच्याच गल्लीतला) नाच अर्धवट टाकून धावत आला. जपानची आई वाकायचं विसरून आली. दोन मिनिटांत पाच देश फिनलंडमध्ये घुसले आणि सगळे मिळून सरांना मिसळ समजावू लागले!

सर कसेबसे तन्वीकडं वळले. "काय गं, फिनलंडची माणसं शांत असतात ना?"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पोरगी शेवटी कोल्हापूरची!

"असतात की, सर. हे आमच्याकडं इंडियातनं आलेलं पावणं हाईत."

वीसपैकी वीस!

पुढच्या पालकसभेत तेच घर पुन्हा मांडलं. या वेळी खुर्चीत माझा स्वेटर घातलेली उशी बसली होती. बाई कौतुकानं म्हणाल्या, "तन्वी, आज बापाचं काम फार छान वठलं!"