मधलं नाव

चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सिडनीत मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. त्यामुळे स्कोफिल्ड्सच्या आमच्या घराशेजारच्या ऑस्ट्रेलियन आजीबाईंनी घराण्याचे जुने कागद वाचून द्यायला सांगितलं, तेव्हा मी जरा शेफारलेच.

आमची नवी वस्ती उभी आहे तिथे एके काळी त्यांच्या घरच्या गाई चरायच्या. बोटीने आलेल्या तीन भावांची ती शेती. तिघांच्या बायका जवळच्याच दफनभूमीत शेजारी शेजारी, पण एकीच्याही थडग्यावर दगड नाही. त्यातली आपल्या आजोबांची आई कोण, एवढंच आजीबाईंना हवं होतं. नजर अधू झालेली. महिनाभरात त्या लेकीकडे पर्थला कायमच्या जाणार होत्या, आणि त्याआधी पणजीच्या नावाचा दगड त्यांना बसवायचा होता.

मी दोन संध्याकाळींत निकाल लावला. आजोबांचं मधलं नाव आणि थोरल्या भावाचं नाव एकच होतं. म्हणजे बाप हाच, आणि याची बायको ती आई. "सापडली," मी सांगितलं. कशी, ते त्यांनी विचारलं नाही. माझा हात घट्ट धरला आणि दगड कोरणाऱ्याला नाव कळवून टाकलं.

शनिवारी माझ्या लेकीने टेबलावरचा, मी मांडलेला वंशावळीचा तक्ता पाहिला.

"आई, हे काय? इथे मिडल नेम म्हणजे डॅडचं नाव नसतं. एनीथिंग असू शकतं. माझ्या फ्रेंडचं तर तिच्या ममचं सरनेम आहे."

मी लगेच फोन हातात घेतला. दगडवाल्याचा फोन सोमवारपर्यंत बंद. मी कागद पुन्हा काढले, उभ्या उभ्याच वाचले, चहा ठेवला आणि उतू घालवला. लग्नांच्या नोंदीत ते नाव पुन्हा भेटलं. धाकट्या भावाच्या बायकोचं ते माहेरचं आडनाव होतं. आईने आपलं आडनाव लेकाच्या नावात ठेवून दिलं होतं आणि मी तिथे बाप वाचला होता. स्वतःचा इतका राग मला क्वचितच आला असेल.

गुपचूप नाव बदलून घ्यावं, असंही मनात आलं. पण रविवारी सकाळी आजीबाईंकडे गेलेच आणि चूक सांगितली.

"म्हणजे मी परक्या बाईला पणजी म्हणणार होते," आजीबाई थंडपणे म्हणाल्या. मग खरं नाव माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. जरा वेळाने विचारलं, "तुमच्यात मधलं नाव बापाचं?"

"हो. लग्नानंतर नवऱ्याचं. माझ्या आईचं तर पहिलं नावही लग्नात बदललं."

"आधीचं काय होतं?"

आईला सगळे नव्याच नावाने हाक मारायचे, आणि मामा नुसतं ताई म्हणायचा. मी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी दगडवाल्याने फोन उचलला. एकही अक्षर अजून कोरलं नव्हतं. सुटले, पण चैन काही पडेना. लंचब्रेकमध्ये तीन वेळा ऑफिसच्या बाहेर जाऊन आले, आणि शेवटी पुण्याला आईला फोन लावला.

तिचं लग्नाआधीचं नाव विचारलं. तिने हळूच नाव सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "कुठल्या फॉर्मवर लागतंय का गं?"

"नाही," मी म्हटलं. "मलाच हवं होतं."