फोटोखाली गावाचं नाव का नाही

मंडळी, आजच्या फोटोखाली ठिकाण लिहिलेलं नाही. मुद्दाम.

आज सकाळी नांदेड-लातूरच्या सीमेवरच्या एका तलावावर गेले होते. दुष्काळाने तिथे डबक्याएवढंच पाणी उरलंय, त्यात पाच चमचे पक्षी आपली चमच्यासारखी चपटी चोच फिरवत होते. फोटो काढत होते, तेवढ्यात शेळ्या घेऊन एक मावशी आल्या.

"कशाचे फोटू काढायल्या बाई?"

"पक्ष्यांचे."

"दाखवा बरं."

कॅमेरा हिसकावतील की काय, म्हणून मी तो छातीशी धरूनच दाखवला. त्यांनी पक्ष्यांकडे पाहिलंच नाही. "पाणी बी आलंय की ह्यात! नवा जिल्हा होणार म्हनून तिकडं बंगले बांधायलेत. परवा टँकर लावून निम्मं पाणी उपसलं. त्यांना ही जागा सांगितली कुणी? आता माझ्या शेळ्यांनी काय प्यावं?"

मला राग आला. माझ्यावर संशय घेता?

घरी येऊन गेल्या रविवारची माझीच पोस्ट उघडली. तोच तलाव, गावाच्या नावासकट. खाली आपल्या या पक्षी-ग्रुपच्या एका नव्या सदस्याने विचारलं होतं, "मोठी गाडी पाण्यापर्यंत जाते का?" कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली सवय, विचारलं की पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं. मी लिहिलं होतं, "हो, गाडी अगदी काठापर्यंत आरामात जाते."

त्याच्या खात्यावर एकाही पक्ष्याचा फोटो नाही.

ती पोस्ट मी काढून टाकली आहे. पण खरं सांगा, या माणसाला आपल्या ग्रुपमध्ये कुणी आणलं?