तार लाल होईपर्यंत

आमच्या घरात एक गोष्ट इतक्यांदा सांगून झाली आहे, की मी घसा खाकरला तरी बायको म्हणते, "निफाडची गाडी का? थांब, कुकर लावून येते."

गोष्ट माझ्या वडिलांच्या डिझेल गाडीची. वडील निफाडकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होते. कॉलनीत आमच्या दारासमोर ती गाडी उभी असायची, आणि जानेवारीत सकाळी तिच्या टपावर दवाचं चक्क बर्फ झालेलं असायचं. नखाने खरवडलं की नखात साखरेसारखं राहायचं. अशा थंडीत डिझेल गाडी एका हाकेत उठत नसे. आधी हीटर मारायचा, मग सेल्फ. हीटर म्हणजे डॅशबोर्डवरचं एक बटण. ते ओढून धरलं की शेजारच्या छोट्या जाळीत एक तार तापायला लागायची. आत इंजिनातही तशाच तारा तापताहेत, त्यांच्या उबेवर डिझेल पेट घेणार आहे, ही त्याची खूण. तार लाल झाली की किल्ली फिरवून सेल्फ मारायचा, म्हणजे गाडी ढुर्रर्र करून उठायची.

वडिलांच्या चष्म्यावर वाफ धरायची, म्हणून तारेकडे बघायचं काम माझ्याकडे होतं. मी मफलरमध्ये नाकापर्यंत बुडून त्या जाळीत डोळे लावून बसायचो. आधी काहीच नाही. मग काळ्यात कुठेतरी तपकिरी. मग विझत्या निखाऱ्यासारखं काहीतरी. तेवढा वेळ कोणी बोलायचं नाही. सगळी कॉलनी धुक्यात आणि आम्ही दोघं एका तारेच्या उजेडात. मी "झाली" म्हटलं की वडील सेल्फ मारायचे. गाडी खोकायची, पांढरा धूर सोडायची, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी वाजायला लागायची. मग आई खोबरेल तेलाची थिजलेली बाटली आणून बॉनेटवर ठेवायची. गाडी तापेपर्यंत तेल वितळायचं, आणि ते माझ्या डोक्यावर थापलं जायचं.

गोष्टीत माझा वाटा एवढाच, एका शब्दाचा. पण सांगता सांगता माझा हात बटणावर गेला, पुढे किल्लीवर, आणि आमची मुलगी प्रायमरी संपवेपर्यंत गोष्टीतली गाडी रोज मीच सुरू करत होतो. वास्तविक मला आजही गाडी चालवता येत नाही. आम्ही राहतो त्या सिंगापूरमध्ये एमआरटी, म्हणजे मेट्रो, आहे, बस आहे, आणि गाडी विकत घेणं किती वेडेपणाचं आहे यावर मी कोणालाही तासभर सांगू शकतो. त्यामुळे उघडं पडायची वेळ कधी आली नाही.

ती आली यंदाच्या चायनीज न्यू इयरला.

सुट्टीचा दुसरा दिवस. आम्ही राहतो त्या आंग मो किओ भागातलं हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांचा बाजार, बंद, दुकानांची शटरं खाली. एरवी दुपारी आमच्या ब्लॉकखाली, इमारतीच्या मोकळ्या तळमजल्यावर, कुणी ना कुणी बोलत असतं, पण त्या दिवशी नुसते लाल कंदील हलत होते. वरण-भात खाऊन मी पंख्याखाली आडवा झालो होतो. दूर कुठल्यातरी ब्लॉकखाली लायन डान्सचा ढोल वाजत होता. झोपेत त्याची डिझेल गाडी झाली. ती धुक्यात उभी होती आणि मला आतली तार दिसत नव्हती.

"फोन बघ रे तुझा," बायको म्हणाली. "लेक आहे. आणि तुला करतेय, मला नाही."

हे खरंच नवल होतं. आमची मुलगी फिनलंडच्या उत्तरेला शिकते, झाडांवर काहीतरी करते, आणि फोन आईला करते. त्या दिवशी तिची मुलाखत होती. जंगलातल्या एका संशोधन केंद्रात नोकरी, चांगली काही वर्षांची. मिळाली तर ती तिकडेच राहणार, नाही तर उन्हाळ्यात सिंगापूरला परत. तिची खोली आम्ही अजून तशीच ठेवली आहे. त्या नोकरीचा विषय निघाला की आम्ही दोघंही "मिळू दे बाई" म्हणायचो आणि पंख्याकडे बघायचो.

स्क्रीनवर टोपी, मफलर आणि मधे लाल नाक. मागे निळसर अंधार.

"बाबा, डोन्ट लाफ हं. कार स्टार्टच होत नाहीये."

ती गाडी तिने आणि तिच्या रूममेटने मिळून घेतलेली, आधी दोघांच्या हाताखालून गेलेली डिझेल. तिकडे रात्री गाडीला पार्किंगमधल्या खांबावरची वायर लावून ठेवतात, त्याने इंजिन उबदार राहतं. आदल्या रात्री मुलाखतीच्या तयारीत ही ते विसरली. रूममेट गावाला गेलेली. केंद्र जंगलात आत, तिकडे बस जात नाही. आणि थंडी, ती म्हणाली, पापण्या चिकटतात एवढी.

"तू दॅट निफाड थिंग करायचास ना? स्टेप्स सांग. क्विक लाह." वाक्याच्या शेवटचं सिंगापुरी 'लाह' तिकडच्या थंडीतही सुटलं नव्हतं.

बायकोने हातातलं वाटाण्याचं सोलणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्या गोष्टीकडे तिने इतकं लक्ष कधी दिलं नव्हतं.

मी बनियनवर उठून बसलो आणि वडिलांच्या आवाजात म्हणालो, "घाई करायची नाही. आधी हीटर मार. मग जरा थांब. मग सेल्फ."

"हीटर. ओके."

थांबलो. फोनमधून सूंऽऽ असा आवाज यायला लागला. वडिलांच्या गाडीत असा आवाज होता का? मला आठवेना.

"आता सेल्फ मार."

"सेल्फ म्हणजे काय?"

"म्हणजे किल्ली फिरव ना."

फोनमधून एक कण्हल्यासारखा आवाज आला, दमेकऱ्याने जिना चढावा तसा, आणि बंद झाला. पुन्हा तेच, आधीपेक्षा हळू.

"बॅटरी बसतेय," मी म्हणालो. "तो सूं सूं आवाज कसला?"

"हीटर. फुल्ल केलाय. सीटचा पण लावला."

मग बायको शांतपणे म्हणाली, "वा. लेकीला शेक दिलास."

मुलीसाठी हीटर म्हणजे गरम हवा. दुसरा कुठला असणार? जन्मापासून ती एसीच्या देशात वाढली. मी तिला शेकडो वेळा हीटरची गोष्ट सांगितली, पण हीटर म्हणजे काय ते कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं, ते सगळ्या जगाला माहीत आहे.

"ते सगळं बंद कर," मी म्हणालो. "हवा, सीट, दिवे, गाणी. सगळं. बॅटरीला जरा श्वास घेऊ दे."

सूं थांबलं. तिथे एवढी शांतता झाली की तिच्या जाकिटाची सळसळ ऐकू येत होती.

"बाबा, उशीर झाला तर ते थांबणार नाहीत."

"हो. आता किल्ली अर्धीच फिरव. पूर्ण नाही. समोर एखादा पिवळा दिवा लागला का? स्प्रिंगसारखा काहीतरी?"

"कर्ली कर्ली? नूडलसारखा?"

"तोच. तो माझा हीटर. तो विझेपर्यंत कशाला हात लावू नको. विझला की किल्ली मागे, पुन्हा अर्धी. असं दोन-तीनदा. मग क्लच दाबून पूर्ण."

हे दोन-तीनदा वडिलांकडून आलं की गाड्यांबद्दल फुशारकी मारणाऱ्या कुठल्याशा सहकाऱ्याकडून, देव जाणे. पण सांगताना माझा हात हवेत काहीतरी ओढून धरून बसला होता, हे बायकोने मला नंतर सांगितलं.

आम्ही थांबलो. ढोल कधीच थांबला होता. ऊन खिडकीच्या जाळीतून फरशीवर पडलं होतं, आणि मी त्या चौकोनांकडे बघत बसलो, जणू त्यातली एखादी रेघ लाल व्हायची आहे. बायको पॅसेजच्या टोकाच्या खोलीकडे बघत होती. मीही बघितलं. तिथली चादर तिने कालच बदलली होती. ही गाडी उठली नाही, तर उन्हाळ्यात त्या चादरीवर कुणीतरी झोपणार होतं. मी फोनचा आवाज आणखी वाढवला.

"गेला लाइट," ती म्हणाली. "परत करते." आणि मग, "परत." आणि मग बराच वेळ काहीच नाही.

"काय गं?"

"झाली," ती म्हणाली. दिव्याला 'झाली' का म्हणाली, कोण जाणे. गोष्टीत तसंच म्हणतात, म्हणून असेल.

"मग मार सेल्फ."

तेच कण्हणं. पण या वेळी त्याच्या पोटात कुठेतरी एक ठोका पडला. मग दुसरा. मग दोन्हींच्या मधलं अंतर मिटलं, गाडी खोकली, अडखळली, पुन्हा खोकली, आणि आंग मो किओतल्या आमच्या त्या गरम दुपारी फोनमधून खड खड खड खड सुरू झालं. बायकोच्या मांडीवरच्या ताटलीतले वाटाणे थरथरले. फोन मीच ताटलीत ठेवला होता, हे वेगळं.

"रेस नको देऊस," मी ओरडलो. "तिची ती तापू दे. आणि जाताना पहिली काही मिनिटं हळू घे."

"ओके, ओके." तिचा आवाज बदलला होता. "व्हाइट धूर येतोय, बाबा. सगळं पार्किंग दिसेनासं झालंय. तू असं रोज करायचास?"

बायको माझ्याकडे बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "आजोबा करायचे. मी फक्त तारेकडे बघायचो आणि झाली म्हणायचो."

तिकडे ती हसली. "मग आज पण सेम जॉब लाह."

"आता तुझा हीटर मार हवं तर," बायको मधे वाकून म्हणाली. "कान झाक. आणि नीट बोल त्यांच्याशी."

फोन तिने बंद केला नाही, विसरली असावी. बर्फावरून चाकं निघाल्याचा आवाज आला, मिठावरून चालावं तसा, आणि खडखड हळूहळू गुळगुळीत होत गेली. थोड्या वेळाने जंगलात रेंज गेली. तोवर आम्ही ऐकत बसलो.

मग बायको उठली, कपाटातून खोबरेल तेलाची नवी बाटली काढली आणि उजेडात धरून हलवली. इथे ते कधी थिजत नाही, पाण्यासारखं डचमळतं.

"पुढच्या पार्सलमध्ये टाकते," ती म्हणाली. "तिकडे दगड होईल त्याचा. बॉनेटवर ठेव म्हणून सांग तिला."

"मुलाखतीचं अजून कळायचंय," मी म्हणालो.

"कळलंय मला," ती म्हणाली, आणि पुन्हा वाटाणे सोलायला बसली.